खतखड्डा बुजवण्याआधी कचऱ्याचं वजन करा : महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

मा. प्राचार्य आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपलं परिपत्रक निघालं. वनस्पतिशास्त्र विभागामागचा खतखड्डा परिसर सौंदर्यीकरणासाठी बुजवायचा, त्या जागी फरशी घालायची आणि यापुढे आवारातला ओला-सुका सगळा कचरा कंत्राटदाराच्या गाडीत द्यायचा, असा त्याचा मजकूर. शेवटच्या परिच्छेदात तपासणी समितीच्या भेटीचा उल्लेख आणि तीन रंगांचे नवे डबे आल्याची बातमी. आमच्या विभागाच्या फलकावर ते परिपत्रक मीच लावलं, कारण फलकाची किल्ली माझ्याकडे असते. लावलं, वाचलं, काच बंद केली, पुन्हा उघडून वाचलं.

कचऱ्याच्या विषयावर मी याआधी दोन अर्ज दिले होते. पहिल्याची पोच मिळाली. दुसरा 'संबंधितांकडे' पाठवला गेला. ते संबंधित कोण, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. माजी विद्यार्थ्यांनीही वाचावं, त्यांच्यातल्या कित्येकांनी त्या खड्ड्यात फावडं चालवलं आहे.

मी रसायनशास्त्र विभागात 22 वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक आहे. प्रॅक्टिकलच्या आधी द्रावणं करून ठेवायची, बाटल्या भरायच्या, काचसामान मोजून द्यायचं, आणि प्रॅक्टिकल संपलं की उरलेलं आवरायचं. यातला पहिला भाग सगळ्यांना दिसतो. उरलेल्याचं काय करायचं, हा दुसरा भाग माझ्या एकटीचा. रोज संध्याकाळी 'हे आता कुठे टाकू' हा प्रश्न जिला पडतो, तिला कचऱ्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार असावा, असं मी धरून चालते.

खड्डा 11 वर्षांपूर्वी सुरू झाला तो एका भांडणातून. माळीदादांनी पालापाचोळ्याचा ढीग पेटवला, धूर प्रयोगशाळेत शिरला आणि चालू बॅच बाहेर काढावी लागली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आणि मी तावातावाने गेलो. माळीदादा म्हणाले, "मग एवढा पाला ठेवू कुठे?" त्याचं उत्तर आम्हा दोघींकडे नव्हतं. भांडण मिटलं ते खड्डा खणायचं ठरवूनच. आज तिथे विटांचे तीन कप्पे आहेत. एक भरत असतो, एक मुरत असतो, एकातून खत निघत असतं.

व्यवस्थापनापैकी कोणी तिथे आल्याचं मला आठवत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सुक्या पाल्यात कार्बन जास्त, कॅन्टीनमधल्या सालं-देठं-खरकट्यात नायट्रोजन जास्त. साधारण 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असं प्रमाण जमलं की सूक्ष्मजीव जोमाने कामाला लागतात. ते रोज मोजत बसणं शक्य नाही, म्हणून आमचा हिशोब टोपल्यांचा : एक टोपली ओलं, तर दोन-तीन टोपल्या पाला. ओलावा बघायचा मुठीने. मूठभर माल घट्ट पिळला की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर पाणी जास्त झालं, मूठ उघडल्यावर भुगा सांडला तर कमी पडलं. पहिल्या वर्षाची मुलं आधी नाक मुरडतात. मग लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगात खुपसून दोन मिनिटांनी त्यांच्यासमोर धरला की गलका होतो, कारण सकाळच्या गारव्यात आतला आकडा 58 असतो. कोणी काही पेटवलेलं नाही, कुठे वायर जोडलेली नाही. तीन दिवस ढीग 55 अंशांच्या वर राहिला की बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरून जातं, हेही तिथेच सांगून होतं. एका मुलाने हात ढिगाजवळ नेऊन विचारलं होतं, "ताई, हे एक्झोथर्मिक ना?" एक्झोथर्मिक म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी क्रिया. दोन सेमिस्टर पाठ केलेला शब्द त्या दिवशी त्याच्या तळव्याला लागला.

परिपत्रकात खड्ड्याला वास येतो असं म्हटलं आहे. खरं आहे, एकदा आला होता. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत मुलं अभ्यासात, माळीदादा रजेवर आणि मी पेपरच्या ड्युटीवर. पंधरा दिवस कोणी ढीग उलटला नाही, वर पाला टाकला नाही, कॅन्टीनमधून खरकटं मात्र येत राहिलं. आत हवा खेळली नाही की ढीग सडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. चूक आमची होती. पाला घालून तीन वेळा उलटल्यावर आठवड्यात वास गेला. तेव्हापासून परीक्षेच्या दिवसांसाठी वेगळी पाळी लावतो आणि पाल्याची सहा पोती राखून ठेवतो. त्यानंतर तक्रार आली असेल तर ती आम्हाला कोणी दाखवलेली नाही.

आणि हाच माल उद्या पिशव्यांत बांधून गाडीत गेला, तर तो कुठेतरी डोंगराएवढ्या ढिगाखाली दडपला जाईल. तिथे हवा पोचत नाही, मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापमानवाढ करतो, वीस वर्षांच्या हिशोबात 80 पटींच्या वर. आपल्या फाटकाबाहेर गेला म्हणून वास संपतो असं नाही, तो दुसऱ्या कोणाच्या दाराशी जाऊन बसतो. (फरशी घातल्यावर तिच्यावर पाला पडायचा थांबणार आहे का, हा प्रश्न मी माळीदादांवर सोडते.)

आता डबे. हिरवा, निळा, लाल. प्रत्येकावर एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांची खूण. ती खूण 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या 23 वर्षांच्या विद्यार्थ्याने काढली. तो तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकत होता. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कंपनीने पहिल्या वसुंधरा दिनाच्या सुमारास स्पर्धा ठेवली होती आणि त्यात त्याचं चित्र निवडलं गेलं. विद्यार्थ्याने काढलेली खूण आपण डब्यांवर मिरवतो, तर विद्यार्थ्यांनीच चालवलेला खड्डाही थोडा मिरवायला हरकत नव्हती.

डबे बसल्याच्या तिसऱ्या दिवशी सव्वापाचच्या सुमारास मी मागच्या फाटकापाशी होते. कंत्राटदाराचा माणूस आला. हिरव्या डब्यातली पिशवी काढून गाडीत टाकली. निळ्यातली काढली, त्याच गाडीत, त्याच ढिगावर. मी विचारलं, "अहो, हे वेगळं नाही का ठेवायचं?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, गाडीला कप्पाच एक आहे." त्याचं काही चुकलं नाही. त्याला जी गाडी दिली ती तो चालवतो. पण माझ्याबरोबर तृतीय वर्षाची एक मुलगी होती. रोज बाटली विसळून, झाकण वेगळं काढून निळ्या डब्यात टाकणारी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग आम्ही हे कशासाठी करतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिने विसळणं सोडलं. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांनी त्याआधीच सोडलं असावं.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही पाच जणांनी एक निळा डबा जुन्या ताडपत्रीवर उपडा केला. हातमोजे विभागाचे, वेळ आमची. आत काय होतं ते सांगते, कारण डब्याचा फोटो निघतो, डब्यातल्या मालाचा निघत नाही. सगळ्यात जास्त कागदी कप. ते एकात एक घालत गेलो तर चळत कमरेच्या वर गेली, मग कोसळली आणि मोजणं राहिलं. तेलकट झालेल्या कागदी बशा. तळाशी पाणी राहिलेल्या बाटल्या, आणि त्या पाण्याने भिजून लगदा झालेली छापील पानं. एक फुटका बीकर, जो आमच्याच विभागातून गेला असणार, आणि याची मला लाज वाटते. पहिली सहा पानं लिहिलेली आणि बाकी कोरी अशी एक जाडजूड वही. चालू अवस्थेतला एक कॅल्क्युलेटर.

यातलं रद्दीच्या गिरणीत काय चालेल? कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्याशिवाय तो ओलं धरूच शकत नाही. हा थर साध्या कागदगिरणीत सहज सुटत नाही, आणि खतखड्ड्यात टाकला तर कागद कुजतो, थर तसाच राहतो. तेलकट बशीचंही तेच, लगदा करताना तेल तंतूंना चिकटून राहतं. भिजका कागद कोणी घेत नाही. म्हणजे गाडीला चार कप्पे असते तरी त्या डब्यातलं निम्म्याहून जास्त परत कामी आलं नसतं. वेगळं टाकलं की सगळं 'रिसायकल' होतं, हा जो समज डब्यांवरच्या पाट्यांनी करून दिला आहे, तो मुळातच खोटा आहे.

बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो ना, 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. 1988 साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने हे आकडे बाणांच्या त्रिकोणात घातले आणि लोकांना वाटलं, बाण आहेत म्हणजे होतच असेल. 2013 मध्ये बाण काढून साधा त्रिकोण करायचं ठरलं, पण तोवर समज पक्का झाला होता. 2017 साली 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये प्लॅस्टिकचा जगभरचा हिशोब आला : 2015 पर्यंत जेवढं प्लॅस्टिक कचऱ्यात गेलं, त्यातलं सुमारे 9 टक्केच रिसायकल झालं. 12 टक्के जाळलं गेलं, उरलेलं 79 टक्के कचराडेपोत किंवा उघड्यावर साठलं. धातूची गोष्ट वेगळी. अॅल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळवायला खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने 95 टक्के ऊर्जा कमी लागते, म्हणून तो भंगारवाला आपणहून उचलतो. ज्याला बाजार आहे ते फिरतं, बाकीचं पडून राहतं. तेव्हा प्रश्न डब्याचा नाही, डब्यात जाणाऱ्या वस्तू आवारात आणल्या कोणी, हा आहे. आणि त्या आपणच आणतो, टेंडर काढून.

कॅन्टीनचंच घ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे धुता येणारी ताटं आणि पेले होते. भांडी धुणारे काका निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही, आणि एका सकाळी सगळं एकदाच वापरून फेकण्याचं झालं. भरतीचा प्रश्न कचऱ्यात ढकलला गेला. त्या दिवसापासून कॅन्टीनमधून येणाऱ्या टोपल्यांत बशा आणि चमचे मिसळून येऊ लागले आणि आमच्या मुलांचा अर्धा वेळ ते वेचण्यात जाऊ लागला. शिवाय ताटात पडून वाया जाणारं अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली दिलेल्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न कचऱ्यात गेलं. त्यातलं सर्वाधिक घराघरांतलं, पण 28 टक्के उपाहारगृहं आणि खानावळींतलं, म्हणजे आपल्या कॅन्टीनसारख्या ठिकाणांचं. अर्ध्या ताटाची सोय मुलांनी तीनदा मागितली आहे. नाही म्हणायचं कारण त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवलं ती. कंत्राटाचे पैसे फेऱ्यांवर ठरतात. बिलांवर ज्या विभागांच्या सह्या लागतात त्यांत आमचाही एक आहे, त्यामुळे ही गोपनीय गोष्ट नाही. जितक्या फेऱ्या, तितकं बिल. अशा कंत्राटात कचरा कमी व्हावा असं कोणाला वाटेल? कंत्राटदाराला नाही. कॅन्टीनला नाही, कारण फेऱ्यांचा खर्च त्यांच्या खात्यात पडत नाही. विभागांना नाही, त्यांच्याही पडत नाही. खतखड्डा तेवढा एक होता जो दर आठवड्याला फेऱ्या कमी करत होता, आणि नेमका तोच बुजवायचा ठरला. मी यात कोणाचा हेतू शोधत नाही. हिशोबच असा मांडला आहे की उत्तर हेच यावं.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आपण हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वं शिकवतो. पॉल अॅनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी ती 1998 मध्ये मांडली. पहिलंच तत्त्व असं की तयार झालेल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा तो तयारच होऊ न देणं चांगलं. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो. मुलं पूर्ण गुण मिळवतात, आणि वर्गाबाहेर येऊन निळ्या डब्यात कप टाकतात.

आमच्या विभागात आम्ही ते तत्त्व खरंच वापरून पाहिलं. विभागप्रमुखांनी पुढाकार घेतला आणि क्षार ओळखण्याचं प्रॅक्टिकल लहान प्रमाणावर आणलं. मोठ्या परीक्षानळीऐवजी छोटी, चमचाभर पावडरऐवजी चिमूटभर, ओतण्याऐवजी ड्रॉपर. टायट्रेशनला निम्मं द्रावण. मुलांचे निकाल बिघडले नाहीत, उलट हात नेमके झाले. माझ्या कपाटात आता एका सेमिस्टरला लागणाऱ्या बाटल्या वर्षभर पुरतात, आणि सिंकखालची 'उरलेलं आम्ल' लिहिलेली बरणी भरायला पूर्वीच्या दुप्पट दिवस लागतात. या कामाचा कुठल्याही अहवालात फोटो नाही. न झालेल्या कचऱ्याचा फोटो काढणार तरी कसा? जीवशास्त्राच्या बाजूला एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकचा प्रश्न आमच्यापेक्षा मोठा आहे. 2015 साली 'नेचर'मध्ये ब्रिटनमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी अंदाज दिला होता की जगभरच्या जीववैज्ञानिक प्रयोगशाळांतून वर्षाला सुमारे 55 लाख टन प्लॅस्टिक कचरा निघतो. तिथे काचेच्या पेट्री डिश धुऊन, निर्जंतुक करून वापरायच्या तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, चालू हवा. तो गेलं वर्षभर बंद आहे, दुरुस्तीचा अर्ज कार्यालयात आहे.

डेडस्टॉकच्या, म्हणजे बाद सामानाच्या खोलीबद्दल थोडक्यात. जुने संगणक, काचेच्या मोठ्या नळीचे मॉनिटर, फुटलेल्या ट्यूबलाइटची खोकी. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ट्यूबमध्ये पारा. हे सामान निर्लेखित होत नाही, म्हणजे नोंदवहीतून रीतसर काढून टाकलं जात नाही, कारण समितीची बैठक होत नाही, आणि तोवर खोलीचं दार उघडून कोणीतरी एखादी ट्यूब नेहमीच्या कचऱ्यात ढकलतो. जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला थोडा आपल्या जिन्याखाली आहे.

आणि एक गोष्ट परिपत्रकात कुठेच नाही. आवार झाडणाऱ्या दोन मावशी आतापर्यंत कोरडा पुठ्ठा, उत्तरपत्रिकांची कोरी पानं काढून उरलेली रद्दी आणि पेटच्या बाटल्या बाजूला ठेवून विकायच्या. कार्यालयाच्या तोंडी परवानगीने. सगळा कचरा कंत्राटदाराचा, असं आता लेखी झाल्यावर त्यांचा हा हक्क एका ओळीत गेला. आवारात कचरा खऱ्या अर्थाने वेगळा करणारी माणसं हीच होती. त्यांना कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. धाकट्या मावशींनी मला विचारलं, "ताई, आता पुठ्ठा उचलला तर चोरी होईल का हो?" त्यांना आजही हातमोजे मिळत नाहीत. त्या मंगळवारी आम्ही आमचे दिले, तर मापाला मोठे झाले.

म्हणून मागण्या. माझ्या मते यातली एकही अवघड नाही, पहिल्या तर फुकटच्या आहेत.

खतखड्डा बुजवायचा निर्णय मागे घ्यावा. फरशी घालायचीच असेल तर कप्प्यांच्या भोवती घालावी, आम्हाला फावडं मारायला सोपं जाईल. समितीला दाखवायला लाज वाटेल अशी ती जागा नाही. उलट समितीला आधी तिथेच आणा, थर्मामीटर आम्ही तयार ठेवतो.

पुढचे चार आठवडे आवारातून बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी वजन करून जाऊ द्यावी. भांडारात मोठा वजनकाटा आहे. कोणत्या इमारतीतून किती ओलं, किती कागद, किती प्लॅस्टिक, एवढीच नोंद. मुलं पाळ्या लावून करतील, 31 जणांनी नावं दिली आहेत. आकडे दर सोमवारी मुख्य फलकावर लागावेत. आज आपल्यापैकी कोणालाही, मलाही, आपलं आवार दिवसाला किती कचरा करतं ते माहीत नाही, आणि त्याच आधारावर आपण कंत्राट करून बसलो आहोत.

कंत्राट नव्याने करताना फेऱ्यांवर पैसे ही अट काढावी. ठरावीक रक्कम द्या आणि फेऱ्या कमी झाल्या तर बचतीतला वाटा दोघांनी घ्या, किंवा लेखा विभागाला सुचेल तो दुसरा मार्ग काढा. गाडीला कप्पे किंवा वेगवेगळे दिवस, दोन्हींपैकी एक हवंच. ते होईपर्यंत डब्यांवरच्या रंगीत पाट्या काढून ठेवल्या तरी चालेल. मुलांना रोज खोटं दाखवण्यापेक्षा साधा डबा बरा.

कॅन्टीनमध्ये धुता येणारी ताटं-पेले परत आणा आणि भांडी धुणाऱ्या माणसाची जागा भरा. अर्धं ताट सुरू करा. जो स्वतःचा पेला घेऊन येईल त्याला रांगेत अडवू नका. सध्या अडवतात, कारण मोजणी कपांवर होते.

खरेदीच्या प्रत्येक मागणीपत्रावर एक ओळ वाढवा : 'वापर संपल्यावर ही वस्तू कुठे जाणार?' ज्याने वस्तू मागवली त्यानेच ती भरायची. मला ठाऊक आहे, यावर हसतील. पण मी 22 वर्षं या प्रश्नाचं उत्तर वस्तू आल्यानंतर शोधते आहे, तो आधी विचारला तर कित्येक वस्तू येणारच नाहीत.

निर्लेखन समितीची बैठक या महिन्यात घ्या, ऑटोक्लेव्ह दुरुस्त करा, दोन्ही विषय पत्राच्या मानाने छोटे आहेत. मावशींचा सुका माल विकण्याचा हक्क मात्र लेखी द्या. तोंडी नको, तोंडी दिलेलं कसं जातं ते आत्ताच पाहिलं. आणि हातमोजे द्या, त्यांच्या मापाचे.

माझ्याकडून काय मिळेल तेही सांगते, नाहीतर हे नुसतं मागण्यांचं पत्र होईल. वजनाच्या नोंदीची वही मी सांभाळीन. फुटकं काचसामान निळ्या डब्यात जाणार नाही याची जबाबदारी माझी. त्यासाठी विभागात पत्र्याचा वेगळा डबा कालच ठेवला आहे. खड्ड्याला पुन्हा वास आला तर तक्रार थेट माझ्या नावाने करा. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे, तोवर ही पाळी दुसऱ्या कोणाला शिकवून जाईन.

मधल्या कप्प्यातला ढीग येत्या गुरुवारी उलटायचा आहे. तिसऱ्यातलं खत तयार आहे, चाळायचं बाकी आहे. फरशीवाले त्याआधी येणार असतील तर कृपया एक दिवस आधी कळवा, म्हणजे आम्ही ते काढून पोत्यांत भरू.

आपली नम्र,
रसायनशास्त्र विभागातील प्रयोगशाळा सहाय्यक
(फलकाची किल्ली जिच्याकडे असते ती)